वीस सेकंदांची पत्रिका

"बाहेरून काही बदलायचं नाही, फक्त आतून कोड साफ करायचा," एवढं प्रशिक्षणात शिकून केतकीने वधूवर मंडळाचा पत्रिका जुळवणारा जुना प्रोग्राम उपसायला घेतला. त्यातली एक ओळ वीस सेकंद नुसतीच थांबायची, दुसरं काही करायची नाही. केतकीने ती हसत हसत उडवली.

दुसऱ्याच दिवशी मंडळाच्या उपासनीकाकूंचा फोन आला. "अगं, काय करून ठेवलंस? बटण दाबलं की लगेच तीस गुण! मुलीचे वडील म्हणाले, या कॉम्प्युटरनं पत्रिका बघितलीच नाही. चहा टाकून उठून गेले!"

केतकीने ती ओळ परत घातली.

संध्याकाळी काकू खूश होत्या. "आता कसं, विचार करून सांगतंय! फक्त मंगळ असला ना, तर त्याला अजून थोडा विचार करू दे."