खिडकीची जाळी
"यंदा करंडक आपलाच, हॉइट! पोरगी तुझ्याहून सुसाट," गाडीचा मिस्त्री डूई शर्यतींच्या हंगामापूर्वीच्या सरावात ट्रॅकच्या कुंपणापाशी म्हणाला, तोच हॉइटच्या लेकीची गाडी भिंतीवर आदळली. ट्रॅकची रीतच आहे: धडकेनंतर चालक धडधाकट असेल तर खिडकीला लावलेली संरक्षक जाळी स्वतः पाडतो, म्हणजे बाहेरच्यांना कळतं. जाळी हलेना. हॉइटला उमेदीतली स्वतःची एक धडक आठवली. तेव्हा तो रागानं स्टिअरिंग बडवत बसला, जाळी विसरला, अन् बायको वर्नेल याच कुंपणापाशी ताटकळली. घरी जाताना ती म्हणाली, "राग मग काढ रे, आधी जाळी पाड." तो हसला होता. आता ती देवाघरी. चर्चमधलं तिचं लाडकं भजन ओठांवर आलं. एवढ्यात जाळी पडली. आतून लेकीच्या शिव्या आल्या. "बापावर गेलीय!" डूई हसला. "कसा जाणार यंदाचा हंगाम?" कुंपणाची तार न सोडता हॉइट म्हणाला, "माझा? वर्नेलचे सगळे हंगाम गेले, तसाच, या कुंपणापाशी."