फक्त दोलगेचा किडा

"आजी, वाईट बातमी आहे," सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करताच प्यो साहेब म्हणाले.

मालसून आजी दारातच थांबली. हातात समुद्री शेवाळाच्या सूपचं पातेलं होतं. किड्यांचा हा अभ्यासक दोन वर्षं दोलगे गावच्या मासळीच्या गोदामात मुक्कामाला होता आणि दोन वर्षं आजी त्याला जेवू घालत होती. गाव तगलंय ते या माणसाच्या भिंगावर, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सरकारला बंदरासाठी दोलगेची खाडी भराव घालून बुजवायची होती. मोर्चे झाले, उपोषणं झाली, कुणी हिंग लावून विचारलं नाही. शेवटी आडवा आला तो किडा. खसखशीएवढा. शेवाळावर, दगडावर पांढरी वेटोळी नळी बांधून राहणारा. नळीतून पिसांचा तुरा बाहेर काढतो, चाहूल लागली की आत ओढून घेतो. तुऱ्यातल्या एका पिसाचं झाकण झालेलं असतं. त्यानेच तो दार लावतो आणि त्याच झाकणात पिल्लं सांभाळतो. इतर खाड्यांतल्या किड्यांचं झाकण सपाट, दोलगेच्या किड्याच्या झाकणाला मात्र तीन दात. पिल्लं बाहेर पडली की जेमतेम दोन तास पोहतात आणि जवळच कुठंतरी जन्मभरासाठी चिकटतात. म्हणून हा किडा दोलगे सोडून कुठंच नव्हता. आणि जगात एकाच जागी असलेल्या जिवाची जागा बुजवायला कायद्याने बंदी होती.

"आमच्यापेक्षा किडा बरा," आजी म्हणायची. "त्याला सरकारदरबारी विचारतात तरी."

तिचं सगळं त्या खाडीत होतं. नवरा तिथंच बुडाला होता. आईकडून आलेला शेवाळाचा खडकाळ पट्टा ती दर हिवाळ्यात खरवडून साफ करायची. पट्ट्यात एका दगडाची जागा नऊ वर्षं रिकामी होती. तिथं मात्र ती दुसरा दगड ठेवू द्यायची नाही.

"कसली बातमी?"

"किडा सोल्मीलाही सापडला."

सोल्मी म्हणजे तिच्या धाकट्या मीरानचं सासर. चाळीस किलोमीटरवर, समुद्रापलीकडे. तिथल्या शेवाळाच्या सूपला अगदी माहेरची चव येते, असं पोर फोनवर सांगायची आणि आजी ते गावभर मिरवायची.

"दात मोजलेत नीट?"

"दहादा मोजले. तीनच आहेत. आणि किडे शेकड्यांनी आहेत."

"मग नाही सापडला म्हणून लिहा की! माझं एवढं सूप ढोसलंत ते काय फुकट?"

प्यो साहेब हसले नाहीत. "नमुने राजधानीत गेलेसुद्धा, आजी. आता भराव मंजूर होणार. किडा तिकडं कसा गेला, हे कायदा विचारत नाही. पण मला ते कोडं सुटत नाही. दोन तास पोहणारं पिल्लू एवढा समुद्र ओलांडेल कसं?"

आजीने पातेलं खाली ठेवलं. खिडकीबाहेर ओहोटी होती. पट्टा उघडा पडला होता आणि त्यातली ती रिकामी जागा इथूनही दिसत होती.

"पोहत नाही गेला, साहेब," ती म्हणाली. "दोलगेच्या आया लेकीला देतात तसा, मीरानच्या लग्नात मीच दिला आंदण. ओल्या गोणपाटात गुंडाळून, शेवाळासकट अख्खा दगड. तिचं माहेर तिकडं रुजू दे म्हणून."