आईचा शेवटचा झरा

संस्थेच्या पाणी-नकाशावर प्रत्येक झरा तो शोधणाऱ्याच्याच आवाजात वाट सांगे.

"जपून या हं, इथं शेवाळ फार," हेमांगीच्या फोनमधून तिची आई म्हणाली. आई जाऊन चार महिने झाले होते. दगडांवर शेवाळ नव्हतं, ओलही नव्हती.

'आटला' अशी नोंद केली की तिथं नोंद करणाऱ्याचा आवाज येई आणि जुना आवाज कायमचा पुसला जाई. खोट्या वाटा पसरू नयेत म्हणून त्याची प्रतही निघत नसे. आईचे बाकीचे झरे आधीच पुसले गेले होते.

"ह्या बाई कदी चुकल्या न्हाईत बगा," पायथ्याशी आपल्या फोनमधला तोच आवाज ऐकवत सगुणा धनगरीण म्हणाली होती. "उद्या मेंढरं घिऊन तिकडंच येतोय."

हेमांगीने आईला पुन्हा एकदा बोलू दिलं. मग 'आटला'चं बटण दाबून ती म्हणाली, "इथं पाणी नाही. येऊ नका."