खोडलेली साखर

“बाबा, आमची टीम बनवते त्या लिहायच्या ॲपचा नियम बदललाय. शब्द खोडायला आता त्याच्या दोन्ही बाजूंना एकाऐवजी दोन रेघा टाइप कराव्या लागतात,” मुलगी म्हणाली. “आईने त्यात लिहून ठेवलेल्या पाककृतींत मीच घालते दुसरी रेघ.”

“तिच्या लिहिण्यात हात घालायची माझी कधी छाती झाली नाही. तुझी होतेय?”

बाबांना मधुमेह निघाला तेव्हा आईने शिऱ्यातली साखर खोडली होती. नव्या नियमात तिची एक रेघ पुरेना, आणि पडद्यावर साखर परत आली. आठवडाभर बाबांनी गोड शिरा खाल्ला. कुणी ओरडलं नाही. ओरडणारी वर्षापूर्वीच गेली होती.

“जुनी रेघही चालू दे ना गं.”

“एका माणसासाठी?”

“दोन.”

मुलीने ॲपमध्ये जुना नियमही चालू ठेवला. पडद्यावरची साखर पुन्हा खोडली गेली.

“बघ, ओरडली!” म्हणत बाबांनी शिऱ्याची बशी खुशीत बाजूला सारली.