गावाचा रकाना

फाईल पुन्हा परत आली होती.

स्वप्नालीने पडद्यावरची लाल ओळ वाचायची तसदीही घेतली नाही. वाचायचं काय त्यात? रोहा शाखा, मेकॅनिक गोविंदा, गावाचा रकाना रिकामा.

शेतीपंप विकणाऱ्या त्या कंपनीचं ऑफिस पेणला, रामवाडीत होतं. मेकॅनिक गावोगाव पंप दुरुस्त करत फिरायचे आणि पेट्रोल, मिनीडोर रिक्षाचं भाडं, चहापाणी असा खर्च मोबाईलमधल्या ॲपवर टाकायचे. महिनाअखेर स्वप्नालीने तो सगळा एका फाईलमध्ये काढायचा आणि पनवेलच्या सीएंच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरवर चढवायचा. ते सॉफ्टवेअर भारी सोवळ्यातलं. एक रकाना रिकामा दिसला की अख्खी फाईल तोंडावर फेकायचं. एक नासका आंबा सगळी आढी नासवतो, तशी गत. गोविंदापायी सगळ्यांचे पैसे अडकायचे.

"तुमच्या वडिलांना एकदा नीट समजावा," सुभाष सर केबिनमधून म्हणाले. "रोह्याची बाकीची माणसं बिनचूक भरतात. यांनाच काय होतं?"

"वय झालं, सर."

"वय माझंही झालंय."

वडिलांना समजवायचं तर आधी बोलायला हवं, आणि घोडं तिथंच अडलं होतं. तिने निकेशशी आपल्या मनाने लग्न केलं आणि गोविंदाने लेकीशी बोलणं टाकलं. आई असती तर तिने दोघांचेही कान धरले असते. पण ती त्याआधीच गेली होती. सणावाराला स्वप्नाली आपल्या मोबाईलवरून फोन करायची, तो वाजून वाजून बंद पडायचा. ऑफिसच्या फोनवरून केला की मात्र गोविंदा लगेच उचलायचा. कामाच्या बाबतीत तो आधीपासूनच चोख होता.

तिने नंबर फिरवला.

"पेण ऑफिसातून बोलतेय. बावीस तारखेचं गाव राहिलंय."

"लिवून घ्या, मॅडम. निडी."

"निडी. आणखी काही?"

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. "नाय."

तिने फोन तसाच कानाला धरून ठेवला. त्यानेही ठेवला नव्हता. नव्या मोबाईलचं बटण सापडत नसावं बिचाऱ्याला. शेवटी तिनेच ठेवला.

जन्मभर लेकीला 'बाय' अशी हाक मारणारा बाप 'मॅडम' म्हणाला की तिचा चहा टेबलावरच निवून जायचा. तरी ती त्या फोनची वाट बघायची, हे तिने निकेशलाही सांगितलं नव्हतं. एकदा गोविंदाने गाव सांगितलं, मेढे. तिचं आजोळ. ती लिहिता लिहिता थांबली.

"लिवलंत काय?"

"लिहिलं."

"भात बरा हाय तिथं औंदा," तो म्हणाला.

त्या एका वाक्यावर तिने अख्खा आठवडा काढला.

पण सरांचा धीर सुटला होता. "आता एकदा जरी यांच्यामुळे फाईल अडली ना, तर सरळ फिरती बंद. बसू देत गोदामात नटबोल्ट मोजत."

फिरती हाच बापाचा जीव होता. चार गावांत चार माणसं भेटायची, म्हणून तर तो आईमागे तग धरून होता. त्याला गोदामात कोंडलं तर तो महिन्यात खचेल, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि दुसरंही एक सलत होतं. ज्या लेकीचं तोंड बघायचं नाही, तिलाच दर महिन्याला मॅडम म्हणून जाब द्यायचा, ही केवढी शिक्षा!

तिने दुपारी बसून ॲपमध्ये एक सोय करून टाकली. गोविंदाचा गावाचा रकाना रिकामा राहिला, तर तिथे आपोआप 'रोहा' पडेल.

पुढच्या महिन्यात फाईल एका दमात चढली. सरांनी चक्क सगळ्यांना वडापाव मागवला. तिचा हात सवयीने फोनकडे गेला आणि परत आला. विचारायला काही उरलंच नव्हतं.

त्याच्या पुढच्या महिन्यात गोविंदाच्या नोंदींत गाव नव्हतं, तारीख नव्हती, वाहनही नव्हतं. नुसते आकडे. आता डोळ्यांनीही दगा दिला वाटतं, असं म्हणून तिला भडभडून आलं. तिने त्या रकान्यांचीही तीच सोय केली. बापासाठी दुसरं काही करता येत नाही, निदान एवढं तरी झालं, याचं तिला समाधान वाटलं.

मग एका महिन्यात गोविंदाच्या नावावर काहीच आलं नाही. आला तो त्याचा राजीनामा.

स्वप्नालीने रजा टाकली आणि रोह्याची गाडी धरली. ॲपचा त्रास होत असेल तर मी भरीन, पण घरी बसू नका, एवढं तरी ऐकून घ्या, असं सांगायचं तिने ठरवलं होतं. पाया पडायचीही तयारी होती.

गोविंदाच्या खोलीला कुलूप होतं. ती शाखेवर गेली. स्टोअर सांभाळणारे हैबतराव पंपाच्या खोक्यांमध्ये मोबाईल घेऊन बसले होते. त्यांनी चष्मा वर केला.

"गोविंदाची पोर ना तू? बस गो, बस. उशीर केलास. कंपनीचा फोन टेबलावर ठेवला नि गेला. कुठं ते बोलला नाय."

"त्यांना ॲप जमत नव्हतं, काका. म्हणूनच सोडलं ना त्यांनी?"

हैबतरावांनी हातातला मोबाईल तिच्यापुढे धरला.

"जमत नव्हतं? अगो, आमा सगळ्यांचे खर्चाचे क्लेम तोच भरायचा. एकदा तरी आमच्यातल्या कुनाचा परत आलाय काय, सांग!"