रंग धरणारं औषध

हजराबीनं कात्री लावली तेव्हा पुंडलिकरावांनी मान वळवली. ती बोटभर चिंधीच कापत होती, तीही लुगड्याच्या आतल्या टोकाची, जी नेसल्यावर कुणाला दिसत नाही. पण लुगडं त्यांच्या बायकोचं, तानाबाईचं होतं, आणि तानाबाईला जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं.

"आधी चिंधीवर पाहू, भाऊ," हजराबी म्हणाली. "लुगड्याले मंग हात लावू."

नेरच्या बाजारामागे तिच्या नवऱ्याचं, नजीर रंगरेजाचं अंगण होतं. चुलीवर हंडा होता, दोरीवर ओले कपडे होते. ओट्यावर अमरावतीहून एस.टी.नं आलेला नवा डबा होता. त्यात मधासारखं दाट काहीतरी होतं. नजीर त्याला औषध म्हणत होता.

पुंडलिकरावांची लेक विमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळाला आईच्या लुगड्याचीच गोधडी करायची, असं तिनं धरून ठेवलं होतं. वर डाळिंबी लुगडं, खाली वडिलांचं पांढरं धोतर. अडचण रंगाची होती. ते लुगडं प्रत्येक धुण्याला पाणी लाल करायचं, आणि बाळाची गोधडी तर रोजच धुवावी लागणार. पावसाळ्यापर्यंत ते तानाबाईचं म्हणून ओळखू आलं नसतं.

पुंडलिकरावांच्या खांद्यावरचं उपरणंही गुलाबी होतं. कुठे गडद, कुठे फिकं. तानाबाई लुगड्यासकट सगळे कपडे एकाच घमेल्यात भिजवायची. नजीरनं ते उपरणं पाहिलं आणि म्हणाला, "पुंडलिकराव, गावाची होळी एक दिवस, तुमची बाराही महिने. द्या इकडं. पावडर टाकून बगळ्यावाणी करून देतो."

पुंडलिकराव थोडे हसले, पण उपरणं काही दिलं नाही.

नजीरनं औषध पाण्यात कालवलं. "मानूस आभायात जाऊन आला म्हणते, अन् आपला रंग अजून पाण्यातच जाऊन राह्यला," तो म्हणाला. मग अमरावतीच्या दुकानदारानं सांगितलेलं त्यानं सगळं सांगितलं. हे औषध एका अंगानं रंगाला धरतं, लोहचुंबक खिळ्याला धरतो तसं. दुसऱ्या अंगानं पाण्याला लांब ठेवतं. मोठ्या गिरण्या आता हेच वापरतात. एकदा धरलं की सोडत नाही.

त्यानं चिंधी आधी साबणाच्या पाण्यात घोळली आणि तशीच निथळवून औषधात टाकली. साबणाचं पाणी पाजल्याशिवाय कुठलाही कपडा हंड्यात जायचा नाही, ही त्याच्या बापाची शिस्त होती. ती त्यानं एकदाही मोडली नव्हती.

भांड्यातलं पाणी फाटलं. नासक्या दुधासारख्या गुठळ्या वर आल्या. चिंधी चिकट झाली, आणि पांढऱ्या फडक्यात पिळली तर फडकं लाल झालं.

नजीरनं दुकानदाराच्या सात पिढ्यांची आठवण काढली. पुंडलिकरावांनी लुगड्याची घडी घातली, काखेत धरली आणि चपला पायात सरकवल्या.

"थांबा, भाऊ," हजराबी म्हणाली.

ती गुठळ्यांकडे पाहत बसली होती. तिनं घरातून दोन वाट्या आणल्या. दोन्हींत साधं पाणी घेतलं, दोन्हींत थोडं थोडं औषध टाकलं. पाणी जसंच्या तसं राहिलं. मग एका वाटीत तिनं साबणाचं बोट बुडवलं. त्या वाटीतलं पाणी फाटलं. दुसरीतलं तसंच राहिलं.

"सवतीवाणी हाय याईचं," ती म्हणाली. "साबन अन् हे, एका भांड्यात नांदत नाही."

नजीर दोन्ही वाट्यांकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं साबणाच्या पाण्याची बादली उचलली आणि स्वतःच नेऊन अंगणाबाहेर ओतली. अब्बाच्या काळी हे औषध कुठं होतं, असं काहीतरी तो पुटपुटला.

हजराबीनं दुसरी चिंधी कापली. या वेळी पुंडलिकरावांनी मान वळवली नाही. चिंधी नुसत्या पाण्यात खंगाळली, नव्यानं कालवलेल्या औषधात ठेवली, काढली आणि पांढऱ्या फडक्यात पिळली. फडकं पांढरंच राहिलं. पुंडलिकरावांनी ते हातात घेतलं, उलटं केलं, उन्हात धरलं. मग काखेतलं लुगडं त्यांनी स्वतः हजराबीच्या हातात दिलं.

लुगडं औषधातून निघालं तेव्हा ऊन कलत होतं. नजीर आणि हजराबी दोन टोकं धरून उभे राहिले आणि त्यांनी ते पिळलं. खालच्या परातीत पाणी पडलं. परातीचं बूड दिसत होतं. पुंडलिकराव वाकून पाहत राहिले. आजवर त्यांनी या लुगड्याचं पाणी लालच पाहिलं होतं.

"जादू हाय, भाभी," ते म्हणाले.

"जादू कायची, भाऊ. धरून ठेवते, एवढंच."

लुगडं दोरीवर गेलं. हजराबी उरलेलं औषध फेकायला निघाली, तर पुंडलिकराव म्हणाले, थांबा. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं.

नजीर लगेच उठला. "आता कसं! बसा, पावडर आनतो. घटकाभरात पांढरं होते."

"पावडर नको," पुंडलिकराव म्हणाले. "त्या औषधात टाका. दर धुन्याले फिकं होऊन राह्यलं."

नजीर उभाच राहिला. हजराबीनं उपरणं घेतलं, साध्या पाण्यात हलकेच खंगाळलं. पाण्यात थोडी गुलाबी झाक उतरली.

"बस, आनखी नको," पुंडलिकराव म्हणाले.

तिनं ते अलगद औषधात सोडलं. तिघंही भांड्याभोवती वाकून उभे राहिले. पाणी नितळच राहिलं.