शेपटासकट वजन

कॉलेजच्या प्रयोगशाळेनं टाकून दिलेला आणि गोजरबाईंनी पदरात घेतलेला पांढरा उंदीर आजारी पडला. “फुप्फुस की पोट, सांगता येत नाही,” गुरांचे डॉक्टर म्हणाले, “औषध देतो. चार दिवसांत वजन वाढलं तर जगेल.” राहुरीत एवढंसं वजन करणार कोण? सोनार! आज चौथा दिवस. मंगळसूत्र घ्यायला आलेली लग्नघरची मंडळीसुद्धा काट्याभोवती गोळा झाली. सोनारानं पहिल्या दिवशीची वजनं एका पारड्यात टाकली, दुसऱ्यात उंदीर बसवला. उंदीर वरच राहिला. गोजरबाईंचा चेहरा उतरला. “आवं थांबा!” नवरीच ओरडली, “शेपूट खाली टेकलंय त्याचं!” सोनारानं दोन बोटांनी शेपूट पारड्यात घेतलं. पारडं डुललं, खाली आलं. “अख्ख्या तोळ्यानं वाढला!” वजन चढवत सोनार गरजला. “पुन्हा तोला, दादा,” पदरानं डोळे पुसत गोजरबाई म्हणाल्या, “मघाशी मला काय दिसलंच न्हाई.”